मुलांच्या चष्म्याला कोटिंग कोणतं घ्यावं? आधी नंबर, मग कोटिंग



आजचा लेख एका चुकीतून सुचला आहे. चूक माझीच आहे, म्हणून आधी ती सांगते.

माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगी आहे. हुशार, पण फळ्यावरचं लिहून घेताना सारखी शेजारणीच्या वहीत डोकावायची. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आलं, तेव्हा तिची नजर कमी असल्याचं लक्षात आलं. पुढे तालुक्याला तपासणी झाली, नंबर निघाला आणि मोफत चष्माही मिळाला. मी खूश होते. आठवड्यानंतर बघते तर पोरगी नव्या, गुलाबी फ्रेमच्या चष्म्यात. वडील म्हणाले, "मॅडम, सरकारी चष्म्याला कोटिंग नव्हतं. चौतीसशे रुपये घालून ब्लू कट, अँटीग्लेअर सगळं टाकून घेतलं."

दिवाळीनंतर तो चष्मा गायब. काच पार ओरखडली होती, मधोमध जाळीसारख्या बारीक चिरा दिसत होत्या. ऊस तुटला की पैसे येतील, मग नवीन करू, असं घरात ठरलेलं. तोवर तीन महिने पोरगी पुन्हा शेजारणीच्या वहीत. मी वडिलांना विचारलं, "अहो भाऊ, साधा चष्मा होता तोच का नाही दिला?" ते म्हणाले, "त्यानं डोळं बिघडतील ना. मोबाइल बघती ती. तुम्हीच लॉकडाऊनमधी ग्रुपवर टाकलं होतं की, मुलांना ब्लू कटच घ्या म्हणून."

खरंच टाकलं होतं. त्या वेळी हिचा मोठा भाऊ माझ्या वर्गात होता. ऑनलाइन तास चालू होते, कुठून तरी मेसेज आला, मला बरा वाटला आणि मी पालकांच्या ग्रुपवर पुढे ढकलला. वाचून खात्री केली नव्हती. बाईंनी पाठवलंय म्हणजे खरंच असणार, असं त्या माणसाने धरलं आणि तीन-चार वर्षं लक्षात ठेवलं. आपण फळ्यावर लिहितो त्याला जेवढं वजन असतं तेवढंच ग्रुपवर टाकलेल्या मेसेजलाही असतं, हे मला तेव्हा कळलं.

म्हणून मग मी कोटिंग म्हणजे नेमकं काय, किती प्रकारची असतात, कशाचा उपयोग कुठे, हे नीट समजून घेतलं. ते इथे मांडते, आणि शेवटी माझं मतही सांगते.

काच सगळा प्रकाश आत सोडत नाही

रात्री एसटीच्या खिडकीतून बाहेर बघताना आपलाच चेहरा दिसतो ना? काच पारदर्शक असली तरी तिच्यावर पडणाऱ्या प्रकाशातला थोडा भाग ती परत पाठवते. साध्या काचेच्या एका पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के प्रकाश परततो. चष्म्याच्या भिंगाला पुढची आणि मागची अशा दोन बाजू, म्हणजे ८ टक्क्यांच्या आसपास वजा. उरलेला ९२ टक्के डोळ्यापर्यंत येतो. साध्या प्लॅस्टिकच्या भिंगाचंही गणित जवळपास हेच. पॉलिकार्बोनेटच्या भिंगात परावर्तन किंचित जास्त, एका बाजूला ५ टक्के.

चष्म्यापुरतं हे नुकसान फार नाही. पण कॅमेऱ्यात एकामागे एक दहा भिंगं असली तर वीस पृष्ठभाग होतात. प्रत्येकाने ४ टक्के खाल्ले तर शेवटी पोचतो फक्त ४४ टक्के प्रकाश. (सातवी-आठवीच्या मुलांना हे चक्रवाढीचं गणित म्हणून जरूर द्या. ०.९६ ला वीस वेळा गुणायचं.) शिवाय परतलेला प्रकाश आतल्या आत टप्पे खात फिरतो आणि फोटो धुरकट करतो. तेव्हा कोटिंगची खरी निकड चष्म्याआधी कॅमेरा आणि दुर्बिणींना होती.

याची सुरुवात मोठी गमतीची आहे. १८९० च्या दशकात इंग्लंडमध्ये डेनिस टेलर नावाचे भिंग बनवणारे तज्ज्ञ होते. त्यांच्या लक्षात आलं की वापरून जुनी झालेली, वरून डागाळलेली भिंगं नव्या कोऱ्या भिंगांपेक्षा जास्त प्रकाश सोडतात. काचेवर हवेने चढलेला तो पातळ थर उपयोगी पडत होता! त्यांनी मुद्दाम रसायनाने काच तशी करायचा प्रयत्न केला, पण दर वेळी सारखा परिणाम मिळेना. १९३५ साली जर्मनीत झाइस कंपनीतल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी निर्वात पेटीत पदार्थ तापवून त्याची वाफ भिंगावर बसवण्याची रीत काढली. लष्करी दुर्बिणींना ती इतकी कामाची होती की बराच काळ गुपित ठेवली गेली.

आणि मुलींना आवर्जून सांगावं असं तिसरं नाव म्हणजे कॅथरीन ब्लॉजेट. केंब्रिज विद्यापीठातून भौतिकशास्त्रात पीएच.डी. मिळवणारी ही पहिली स्त्री, साल १९२६. पुढे अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत तिने पाण्यावर तरंगणारा एकाच रेणूइतका जाड थर काचेवर उचलून घ्यायचं तंत्र वापरलं. काच पाण्यात बुडवायची, वर काढायची, पुन्हा बुडवायची. असे ४४ थर चढल्यावर काच जवळजवळ दिसेनाशी झाली, ९९ टक्के प्रकाश आरपार. हे १९३८ सालचं काम. तो थर सहज पुसला जायचा, त्यामुळे बाजारात टिकला तो निर्वात पेटीतलाच लेप. पण थर किती जाड हवा हे तिने थरामागून थर मोजून दाखवलं.

किती जाड हवा? प्रकाशाच्या लाटेच्या लांबीच्या एक चतुर्थांश. का, ते असं बघा. लेपाच्या वरच्या बाजूवरून एक लाट परतते, खालच्या बाजूवरून दुसरी. दुसरीला लेप ओलांडून जाऊन परत यायचं असतं, म्हणजे पाव अधिक पाव, अर्धी लांबी जास्तीची. त्यामुळे पहिलीचा उंचवटा आणि दुसरीचा खळगा एकावर एक येतात आणि परतीच्या लाटा एकमेकींना मारतात. विहिरीत दोन दगड टाकले की तरंग कुठे वाढतात आणि कुठे सपाट होतात, तसंच. परतीचा मार्ग बंद झाला की तेवढा प्रकाश आत जातो. तो नाहीसा होत नाही, एवढं मुलांना ठासून सांगा, नाहीतर "कोटिंग प्रकाश खातं" असं लिहून ठेवतात.

नेहमीचा पदार्थ मॅग्नेशियम फ्लुओराइड. हिरव्या प्रकाशासाठी त्याचा थर साधारण १०० नॅनोमीटर लागतो. आपला केस ७०,००० नॅनोमीटर जाड धरला तर असे सातशे थर रचल्यावर एका केसाइतकी जाडी होईल. एवढा एक थर ४ टक्क्यांचं परावर्तन दीड टक्क्याच्या खाली आणतो. हिरवा प्रकाश सगळ्यात जास्त मारला जातो, तांबडा आणि निळा थोडा उरतो, म्हणून जुन्या कॅमेऱ्याचं भिंग तिरकं धरलं की जांभळट दिसतं. आता चार-पाच किंवा जास्त थर एकावर एक देतात, त्यामुळे उरलेली झाक कधी हिरवी, कधी निळसर. जत्रेत मिळणाऱ्या दुर्बिणींची भिंगं माणकासारखी लालभडक असतात. ते "भारी कोटिंग" म्हणून विकतात, पण तांबडा प्रकाश सगळा बाहेरच परतवला तर आतलं दृश्य हिरवट दिसणार, हे चौथीच्या मुलालाही पटतं.

दुकानातल्या यादीत काय काय असतं

चष्म्याच्या दुकानात बिलावर पाच-सहा नावं असतात. पालकांना ती सगळी एकाच वजनाची वाटतात. तशी ती नाहीत.

पहिलं हार्ड कोट, म्हणजे ओरखडे रोखणारा कडक लेप. आजची बहुतेक भिंगं प्लॅस्टिकची, आणि प्लॅस्टिक काचेपेक्षा मऊ. पॉलिकार्बोनेट तर आणखीनच. पण पॉलिकार्बोनेट चेंडू लागला तरी सहसा फुटत नाही, त्यामुळे मुलांना तेच चांगलं. म्हणजे मुलांसाठी पॉलिकार्बोनेट आणि त्यावर हार्ड कोट ही जोडी. बऱ्याचदा हा लेप भिंगाबरोबरच येतो, वेगळे पैसे मागितले तर विचारा. हा लेप काही मायक्रोमीटर जाड असतो, म्हणजे प्रकाशाचा लेप धरला तर त्याच्या कितीतरी पट. मुलांच्या बाबतीत एकच कोटिंग सोडू नका म्हणाल तर मी याचं नाव घेईन.

दुसरं अँटीग्लेअर. वर सांगितला तोच परावर्तन घालवणारा लेप. तो चांगला आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझ्या स्वतःच्या चष्म्याला आहे. रात्री दुचाकी चालवताना समोरच्या गाडीचे दिवे भिंगाच्या आत फिरत नाहीत, फोटोत डोळे दिसतात. माझ्या शेजारच्या वर्गातल्या मॅडमचं म्हणणं असं की ट्यूबलाइटखाली बसणाऱ्या मुलांनाही तो द्यायलाच हवा. जाड नंबर असेल, ऐपत असेल तर जरूर द्या. पण त्याने नंबर वाढायचा थांबत नाही, डोळ्याला औषध होत नाही. ९२ चे ९९ टक्के होतात, एवढंच. फळा दिसणं न दिसणं हे त्या सात टक्क्यांवर नसतं, नंबर बरोबर असण्यावर असतं.

त्याच्याही वर एक निसटता थर असतो, पाणी आणि तेल न धरणारा. अँटीग्लेअर भिंगावर बोटाचा ठसा फार उठून दिसतो. कारण बोटाच्या तेलाचा थर बसला की ती पाव लांबीची मोजलेली जाडी बिघडते आणि तेवढ्या जागी परावर्तन परत येतं. म्हणून वरचा थर. घेतला तर पुसायला सोपं जातं.

यूव्ही कोटिंगचे वेगळे पैसे पॉलिकार्बोनेटवर देऊ नका. ते प्लॅस्टिक मुळातच अतिनील किरण जवळपास सगळे अडवतं. उन्हात काळी होणारी भिंगं आणि पोलराइज्ड गॉगल हे खरं तर कोटिंगपेक्षा भिंगातल्या रसायनाचे आणि मधल्या फिल्मचे प्रकार, शाळकरी मुलांच्या चष्म्यासाठी त्यांचा विचार करण्याची गरज क्वचितच.

आता ब्लू कट. यात दोन जाती आहेत. एकात वरचा लेप निळा प्रकाश परतवतो, म्हणून तिरकं बघितलं की निळी-जांभळी चमक दिसते. दुसऱ्यात भिंगाच्या प्लॅस्टिकमध्येच निळा शोषणारं द्रव्य असतं, ते भिंग पांढऱ्या कागदावर ठेवलं की किंचित पिवळं दिसतं. दोन्ही मिळून निळ्या प्रकाशातला साधारण १० ते २५ टक्के भागच कमी करतात. नाव "कट", पण कापलं जातं ते एवढंच.

मी त्या मुलीच्या वडिलांबरोबर दुकानात गेले होते. (दुकानाचं नाव सांगण्यात अर्थ नाही, असा प्रकार अनेक ठिकाणी दाखवतात.) दुकानदाराने एक छोटी टॉर्च काढली. साध्या भिंगातून तिचा जांभळा ठिपका कार्डावर लख्ख पडला. ब्लू कट भिंगातून ठिपका नाहीसा. वडील माझ्याकडे बघायला लागले, की बघा मॅडम. प्रयोग खोटा नव्हता, पण प्रश्न वेगळाच होता. तसल्या टॉर्चचा प्रकाश साधारण ४०५ नॅनोमीटरचा, जवळपास अतिनीलला टेकलेला. मोबाइलच्या पडद्याचा निळा ४५० च्या आसपास असतो. ४०५ अडवणारं भिंग ४५० बहुतांश आत सोडतं. दुकानदारांना मी विचारलं, "दादा, याच भिंगातून माझ्या मोबाइलचा निळा फोटो बघू?" बघितला. निळाच दिसला. ते हसले आणि म्हणाले, "मॅडम, कंपनीनं टॉर्च दिलीय, आम्ही दाखवतो." त्यांच्यावर माझा राग नाही. ग्रुपवर मेसेज पुढे ढकलताना मीही वेगळं काही केलं नव्हतं.

अभ्यास काय सांगतात? २०२३ साली कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने १७ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. संगणकासमोर बसून होणारा डोळ्यांचा थकवा अशा भिंगांनी साध्या भिंगांपेक्षा कमी होतो, असं त्यात आढळलं नाही, निदान थोड्या काळात तरी. झोप सुधारते का, याचंही ठाम उत्तर मिळालं नाही. अमेरिकेतली नेत्रतज्ज्ञांची अकादमीही संगणकासाठी असे चष्मे सुचवत नाही. मोबाइलने डोळे थकतात ते बहुतेक वेळा टक लावून बघण्याने, पापण्या कमी मिटण्याने, जवळ धरण्याने. त्याच्यावर कुठलाही लेप चालत नाही. तासाभराने मोबाइल काढून घेणं चालतं, पण त्याचं बिल होत नाही.

उलट ज्याला पैसे लागत नाहीत त्याचा पुरावा आहे. चीनमधल्या ग्वांगजूमध्ये १२ प्राथमिक शाळांत पहिलीच्या मुलांवर अभ्यास झाला. निम्म्या शाळांत रोज ४० मिनिटं जास्तीचा तास मैदानात घेतला. तीन वर्षांनी मैदानात जाणाऱ्या मुलांत लांबचं कमी दिसण्याचा दोष ३०.४ टक्क्यांना झाला, बाकीच्यांत ३९.५ टक्क्यांना. हा निकाल २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याकडे खेळाचा तास गणिताला देऊन टाकायची पद्धत आहे. मीही दिलेला आहे, चाचणी जवळ आली की. आता देत नाही.

लेप फक्त चष्म्यावर नसतो

वर्गात हा विषय घेताना चष्म्यावरच थांबू नका, मुलांना आरसा जास्त आवडतो. आरसा म्हणजे परावर्तन घालवण्याच्या उलटा लेप. १८३५ साली जर्मनीत लिबिग यांनी रसायनाने काचेवर चांदी बसवायची कृती काढली. घरच्या आरशात हा लेप काचेच्या मागे असतो, वर रंग. पेन्सिलीचं टोक आरशाला टेकवा. टोक आणि प्रतिमा यांच्यात फट दिसते, ती काचेची जाडी. दुर्बिणीच्या आरशात लेप पुढच्या बाजूला असतो, तिथे फट दिसत नाही. केरळातल्या आरनमुळाच्या धातूच्या आरशाचंही तसंच. एखाद्या पालकाकडे असेल तर वर्गात आणायला सांगा.

चांदी उत्तम परावर्तन करते पण काळी पडते, हे आपल्या आयांना सांगायला नको. म्हणून १९३० च्या दशकापासून मोठ्या दुर्बिणींच्या आरशांवर निर्वात पेटीत ॲल्युमिनियम चढवायला लागले. त्याच्यावर आपोआप पारदर्शक ऑक्साइड बसतं आणि ते खालचा धातू जपतं. तरी काही वर्षांनी लेप धुऊन नवा द्यावा लागतो. पितळेच्या भांड्यांना कल्हई करायचे तशीच ही आरशाची कल्हई म्हणा. जुन्नरजवळ गिरवलीला आयुकाची २ मीटर व्यासाची दुर्बीण आहे. सहल त्या बाजूला जाणार असेल तर मुलांना आधी एवढं सांगून ठेवा.

आणि सोनं. जेम्स वेब दुर्बीण २५ डिसेंबर २०२१ ला अवकाशात गेली. तिच्या आरशाचे १८ षटकोनी तुकडे आहेत आणि त्यांच्यावर सोन्याचा लेप आहे, कारण तिला बघायचा असलेला अवरक्त प्रकाश सोनं फार छान परतवतं. साडेसहा मीटरच्या आरशाला सोनं किती लागलं असेल? मुलं किलोत आकडे सांगतात. लागलं फक्त ४८ ग्रॅम, पाच तोळ्यांनाही कमी. लेप म्हणजे किती पातळ, हे या एका आकड्याने कळतं.

एक सावधानता. सीडीवर दिसणारे रंग या प्रकारचे नाहीत. ते तिच्यावरच्या बारीक रेघांमुळे येतात. काही ठिकाणी सीडी आणि साबणाचा फुगा एकाच प्रयोगात घातलेले बघितले, म्हणून सांगितलं. पावसात रस्त्यावर सांडलेल्या डिझेलवरचे रंग मात्र पातळ थराचेच.

हिशेब कसा लावावा

माझं मत आता सरळ सांगते. मुलाच्या चष्म्यासाठी घरात हजार रुपये असोत की चार हजार, पहिला पैसा बरोबर नंबरावर जावा, म्हणजे नेत्रतज्ज्ञाकडे किंवा सरकारी दवाखान्यात नीट तपासणी, आणि डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा. मुलांचा नंबर बदलतो, महागडा चष्मा असला की पालक बदलायला टाळतात. नेमकं नुकसान तिथेच होतं. दुसरा पैसा न फुटणाऱ्या, हार्ड कोट असलेल्या भिंगावर आणि कानाला घट्ट बसणाऱ्या फ्रेमवर. त्यानंतर जमलं तर दुसरा साधा चष्मा, दप्तरात जादा म्हणून. अँटीग्लेअर यानंतर. ब्लू कट यादीत नसला तरी चालेल.

मोफत मिळालेला साधा चष्मा, नंबर बरोबर असेल तर, चौतीसशे रुपयांच्या पण कपाटात पडलेल्या चष्म्यापेक्षा चांगला. हे वाक्य मी आता पालकसभेत तसंच्या तसं बोलते. सरकारी म्हणजे कमी दर्जाचं, ही भावना शाळेबद्दलही असते, चष्म्याबद्दलही. तिच्याशी भांडायला आपल्याकडे माहिती हवी, नुसता उपदेश नाही.

त्या मुलीचा चष्मा इतक्या लवकर का गेला, तेही कळलं. तो रोज गणवेशाच्या टोकाने कोरडाच पुसला जायचा. मैदानातली धूळ म्हणजे वाळूच, ती भिंगावर घासली जायची. आधी पाण्याखाली धुवायचा, लागला तर साबणाचा एक थेंब, मग मऊ सुती कापड. आणि चिरांची जाळी? वडील शेतावर जाताना चष्मा गाडीच्या पुढच्या पेटीत उन्हात ठेवायचे, हरवू नये म्हणून. प्लॅस्टिक तापलं की फुगतं, वरचा लेप तेवढा फुगत नाही, मग तो तडकतो. गरम पाण्यानेही तेच होतं. म्हणजे चौतीसशे रुपयांचं कोटिंग जपायच्या नादातच गेलं. दुकानात यातलं कोणी काही सांगितलं नव्हतं, बिलाबरोबर एक कापड तेवढं दिलं होतं.

शिक्षकांसाठी आणखी एक काम आहे, आणि ते तारीख ठरलेलं आहे. सोमवार, २ ऑगस्ट २०२७ रोजी सूर्यग्रहण आहे. आपल्याकडून ते दुपारनंतर खंडग्रास दिसेल. पावसाळा आहे, ढग असतील, पण असेना का. ग्रहणाचे चष्मे हेही कोटिंगचंच उदाहरण. काहींची फिल्म काळ्या द्रव्याची, काहींची पातळ प्लॅस्टिकवर ॲल्युमिनियमचा लेप दिलेली. आयएसओ १२३१२-२ हे त्यांचं मानक, आणि त्यानुसार दृश्य प्रकाशाचे एक लाख भाग आले तर जास्तीत जास्त तीनच भाग आत जायला हवेत. लेपाला टाचणीएवढं भोक किंवा ओरखडा असला तर तिथून सरळ सूर्य डोळ्यात. म्हणून खोलीत मोबाइलची टॉर्च समोर धरून एकेक चष्मा तपासा. कुठे ठिपका चमकला, फिल्म सुरकुतली, सुटली, की फेकून द्या. आधीच्या ग्रहणाचे कपाटात पडलेले चष्मे न तपासता वाटू नका. एक्स-रेची फिल्म, गॉगल, काजळी धरलेली काच यांतलं काहीही चालत नाही. चष्मे कमी पडले तर पुठ्ठ्याला बारीक छिद्र पाडून जमिनीवर प्रतिमा दाखवा, त्यात कसलाच धोका नाही.

आता वर्गात करायचा प्रयोग. एक जुनी मोठी बांगडी, साबणाचं पाणी, त्यात थोडी साखर किंवा ग्लिसरीन. बांगडी बुडवून उभी धरायची, मागे काळा कागद, समोर खिडकीचा उजेड. साबणाचं पाणी खाली उतरत जातं, पापुद्रा वरून पातळ होतो आणि रंगांचे आडवे पट्टे खाली सरकतात. वाऱ्यापासून जपलं तर शेवटी सगळ्यात वरचा भाग काळा पडतो. तिथे साबण अजून असतो, पण इतका पातळ की पुढच्या आणि मागच्या बाजूने परतणाऱ्या लाटा एकमेकींना मारतात. एका बाजूवरून परतताना लाट उलटी होते, दुसऱ्या बाजूवरून होत नाही, म्हणून असं होतं. परावर्तन नाही, म्हणून काळं. कॅथरीन ब्लॉजेटच्या काचेसारखाच लेप, मुलांच्या हातात, पाच सेकंदांपुरता. त्याच तासाला दोन चष्मे ट्यूबलाइटखाली धरा. साध्या भिंगात ट्यूबची प्रतिमा पांढरी दिसते, अँटीग्लेअरवाल्यात मंद हिरवी किंवा जांभळी. दुकानातून घेतलेल्या भिंगाला खरंच कोटिंग दिलंय का, हे पालकांनाही असंच घरी बघता येतं.

ग्रुपवरचा तो जुना मेसेज मी शोधून काढला, त्याखाली चूक झाली म्हणून लिहिलं आणि पालकसभेत तोंडाने सांगितलं. दोन-तीन पालक नाराज झाले, पैसे तर गेले ना म्हणाले. बरोबर आहे त्यांचं.

चौथीतल्या त्या मुलीचा साधा चष्मा ट्रंकेत होता, आईने शोधून दिला. कागदावरचा नंबर पुन्हा ताडून घेतला, फरक नव्हता. गेल्या आठवड्यात प्रयोगाला बांगडी तिच्याच हातात होती. रंग खाली सरकले, वर काळं झालं आणि ती ओरडली, "मॅडम, वरचा साबण संपला!" मी म्हटलं, "संपला नाही, आहे. बोट लावून बघ." तिने बोट लावलं आणि पापुद्रा फुटला. मग सगळ्यांनाच बांगडी हवी झाली, आणि तास वीस मिनिटं जास्त चालला.